नऊ निळी चित्रे

रविवार, २ फेब्रुवारी २०२५
वेस्ट विंडसर, न्यू जर्सी

दैनंदिनी लिहावी असे माझ्या आयुष्यात काही घडलेले नाही, हे मी आरंभीच कबूल करते. ज्यांनी काही केले, पाहिले, सोसले, त्यांनी लिहावे. बार्शीच्या मराठी शाळेत दहावीला पहिली आलेल्या आणि त्यानंतर केवळ परीक्षाच देत राहिलेल्या मुलीने हे धाडस का करावे? जो कोणी चुकून ही वही उघडील, त्याने ही आगळीक पोटात घालावी. माझी सबब एवढीच, की वही मला दिली गेली आहे आणि दिलेली वही कोरी ठेवण्याची मला सवय नाही.

वही येथल्या मराठी मंडळात ओळख झालेल्या मनोहर काकांची. ते एका औषध कंपनीत तीस वर्षे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्या कपाटात उरलेली ही प्रयोगशाळेची वही त्यांनी गेल्या आठवड्यात रुग्णालयातून मला देवविली. पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात तीन नियम आहेत: नोंद शाईने करावी. चूक झाल्यास एकच आडवी रेघ मारून शेजारी सही व तारीख घालावी. पान कधीही फाडू नये.

जानेवारीत काकांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. मग जखमेत संसर्ग झाला. आता ते गावाबाहेरच्या शुश्रूषा केंद्रात आहेत. त्यांचा चाळीस वर्षांचा संग्रह, जपानी काबुकी नटांची एकशे बारा चित्रे, येथल्या एका कॉलेजच्या संग्रहालयाला संपूर्णपणे, काकांच्या नावाने द्यावयाचा आहे. त्याची यादी मी करावी असे त्यांनी सुचविले. फोनवर त्यांचा आवाज फार बारीक झाला होता. म्हणाले, "रंग उन्हात कसे मरतात ते तू शिकतेस ना? मग हे काम तुझंच."

माझ्या प्रबंधाचा विषय खरोखरच तो आहे. मला इतका अभिमान वाटला, की मी 'हो' म्हणावयाचेही विसरले.

शनिवार, ८ फेब्रुवारी

कामाचा पहिला दिवस. दर मंगळवारी व शनिवारी दुपारी यावयाचे ठरले आहे.

काबुकी हे जपानचे जुने नाट्य. त्यात स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत, जसे आपल्या संगीत नाटकांत होते. लोकप्रिय नटांची चित्रे लाकडी ठशांवरून छापून रस्त्यावर विकली जात. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. काकांचे नट भुवया वर ओढून, डोळे तिरळे करून, ओठ आवळून माझ्याकडे पाहतात. एकशे अकरा चित्रे सपाट खणांत, प्रत्येक आपल्या पाकिटात. एकशे बारावे तेवढे देव्हाऱ्यासमोरच्या भिंतीवर, चौकटीत. मी प्रत्येकाचे छायाचित्र घेते, मोजमाप लिहिते, आणि हस्तपुस्तिकेतील तक्त्यांवरून प्रकार ओळखते. जपानी मला वाचता येत नाही. अंक आणि काही चिन्हे तेवढी ओळखते.

उल्का काकू मधूनमधून दारात येऊन उभ्या राहतात. त्यांनी ही चित्रे चाळीस वर्षे पुसली, पण ती कशाची आहेत हे कधी विचारले नाही, असे त्या म्हणाल्या. "हे सांगत बसायचे. मी म्हणायची, पोळी गार होतेय."

दुपारी राजस आले. ते काकांचे पुतणे. जर्सी सिटीतील एका कंपनीत वर्क व्हिसावर आहेत. येथेच स्टेशनजवळ राहतात आणि काका आजारी पडल्यापासून दर शनिवारी येतात.

"काय स्कॉलर, मोजून झाले का सगळे हीरो?"

"एकोणीस झाले, राजसदादा."

"आणि लॉक कुठल्या ड्रॉवरला आहे?"

"एकालाही नाही."

"अरे यार," ते म्हणाले, आणि खणांकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

कोणाविषयी घाईने मत बनवू नये हे मला कळते. प्रश्न मात्र लिहून ठेवते: कुलुपाची चौकशी का केली?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज फार रंजक गोष्ट सापडली. तीन चित्रांतील नट इतरांहून वेगळे, शांत बसलेले. अंगावर फिकट निळा दरबारी वेष, एकाच्या हातात जपमाळ. पुस्तिकेत पाहिले तर ही 'मृत्युचित्रे' निघाली! लाडका नट वारला, की दोन-चार दिवसांत असे चित्र छापून शहरभर विकीत. त्यावर मृत्यूची तारीख, वय, मरणोत्तर ठेवलेले नाव आणि देवळाचा पत्ता. घाईत छापल्याने कित्येकांत तारीखच चुकलेली असे.

मी आनंदाने काकूंना हाक मारली. कोणी ऐकणारे मिळाले, की माझा संकोच जातो आणि मी वर्गात उत्तर द्यावे तशी बोलू लागते.

"म्हणजे पेपरातल्या फोटोसारखं? दुःखद निधन?" काकूंनी विचारले.

"त्याहूनही नेमके, काकू. घरोघर पोहोचलेली निधनवार्ताच ही."

त्या पुढे आल्या नाहीत, उंबऱ्यातच थांबल्या. मग म्हणाल्या, "माझे वडील गेल्याचं कार्ड इथं सव्वीस दिवसांनी आलं. शहाऐंशी साली. मेलबॉक्सपाशीच उभ्या उभ्या वाचलं. वर 'श्री' नव्हता."

"ते कार्ड आहे का अजून?" मी विचारले. जुन्या कागदांची मला आता ओढ लागली आहे.

काकूंनी माझ्याकडे असे पाहिले, की मी काही अमर्याद बोलले की काय असे वाटले. "आहे का म्हणजे? घरात ठेवायला?" मग त्यांनी विचारले, "ह्यांच्यात अशी किती आहेत?"

त्यांना गोडी लागलेली पाहून मी उरलेले खण चाळले आणि फिकट निळी अशी एकूण आठ चित्रे काढली. काकूंच्या सोयीसाठी पाकिटांच्या क्रमांकांची छोटी यादी सुवाच्य अक्षरात लिहून दिली.

चहा आज उशिरा मिळाला. मंगळवार असूनही काकू डोक्यावरून न्हाल्या होत्या. मलाही त्यांनी हात-पाय धुऊन यावयास सांगितले. जुन्या कागदांवरील धुळीबाबत त्यांची ही दक्षता मला अनुकरणीय वाटली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पाकिटे क्रमांक २३, ३१ व ४० रिकामी आहेत.

मी दोनदा पाहिले. शेजारची पाकिटे पाहिली. खण पूर्ण बाहेर काढून मागची फळी चाचपली. तिन्ही मृत्युचित्रेच. मंगळवारी मी स्वतः ती परत ठेवली होती.

काकूंना सांगितले तेव्हा त्या कोथिंबीर निवडीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "असतील कुठे. सगळंच लिहायला हवं असं नाही, गिरिजा."

"पण काकू, संग्रहालयाला संपूर्ण यादी हवी आहे. चोवीस मार्चला त्यांची माणसे न्यायला येणार."

"नेऊ देत की. उरलेली काय थोडी आहेत?"

घरातील मौल्यवान वस्तू नाहीशी झाली असता कोणी असे बोलत नाही. कोणाला पाठीशी घालावयाचे असल्यासच बोलते. घराची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

आणखी एक शक्यता नोंदविणे प्रामाणिकपणाचे होईल. चित्रे शेवटची मी हाताळली. उद्या कोणी विचारले, तर बोट प्रथम माझ्याकडे वळेल. परदेशी विद्यार्थिनी, घरची मंडळी दूर, काम खासगी. या विचाराने दोन घास कमी गेले.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आता पाच पाकिटे रिकामी.

राजस काळी, सपाट, कडक पाठीची मोठी पिशवी घेऊन आले होते. काकू फिरावयास जाताच ते देव्हाऱ्यासमोरच्या चौकटीपाशी गेले. मी स्वयंपाकघरात होते. टेपने त्यांनी चौकट मोजली, फोनवर छायाचित्रे काढली, आणि मग कोणाशी तरी हलक्या आवाजात बोलले. शब्द जसेच्या तसे लिहिते: "नहीं यार, ओरिजिनल साइज ही चाहिए. कॉपी है ये समझना नहीं चाहिए किसी को."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला, तो वाजला. ते वळले.

"इन्स्पेक्टरबाई, तुम्ही इथेच?" हसून म्हणाले. "ऐक ना, काकूला काही सांगू नकोस हां. प्लीज."

"काय सांगू नको?"

"काहीच. मी फोटो काढले ते."

मी मान डोलावली. भिडस्त माणसाची मान नको तेव्हा डोलते. वसतिगृहावर येताच हे सर्व लिहून काढले.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज भिंतीवरचे एकशे बारावे चित्र खाली उतरविले. वेष फिकट निळा, दरबारी, खांदे पंखांसारखे ताठ. नट हात टेकून, किंचित वाकून बसलेला. माथ्यावर बराच मजकूर, त्यात महिना व वर्ष. चौकटीतून काढल्यावर पुठ्ठ्याच्या पट्टीखाली झाकली गेलेली अर्ध्या बोटाची कड दिसली. तेथे बाहीचा रंग जांभळा आहे. ~~छपाईचा दोष असावा.~~ (गि., २३/३/२५)

निळा वेष, तारीख, गंभीर मुद्रा. मी निःशंकपणे 'मृत्युचित्र, नववे' असे लिहिले.

काकू मागे येऊन उभ्या होत्या. "हे नाही ना त्यातलं?"

"हेही त्यातलेच, काकू."

"हे तर तीस वर्षं देवासमोर आहे."

"हो. पण वेष पाहा, आणि ही तारीख."

"नीट बघून सांगतेस ना?"

आता वाटते, एवढ्या प्रश्नाने मला राग यावयास नको होता. मी म्हणाले, "काकू, माझा अभ्यासाचाच विषय आहे."

थोड्या वेळाने न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येऊ लागला. ज्या दुपारी मी यांतले काही समजावून सांगते, त्या दुपारी त्यांना नेमके नाहावेसे वाटते. वयोमानाने अंगात उष्णता वाढत असावी.

शनिवार, १ मार्च

चौकट रिकामी. नुसती रिकामी नव्हे, नाहीशी. भिंतीवर तिच्या जागी रंगाचा एक स्वच्छ चौकोन राहिला आहे आणि त्यावर मराठी मंडळाचे कॅलेंडर लटकविले आहे. खणांतील आठही निळी पाकिटे रिकामी.

नऊ चित्रे. बाकीच्या एकशे तीन चित्रांना कोणी हात लावलेला नाही. चोर सामान्य नाही; त्याला नेमके काय न्यावयाचे ते ठाऊक आहे. क्रमांकांची यादी मी काकूंना दिली होती, ती फ्रिजवर लावलेली असे. ती तेथून राजस सहज वाचू शकत होते. आज ती यादीही नाही.

काकूंना विचारले, "काकू, भिंतीवरचे चित्र?"

"काढलं."

"कोणी?"

"गिरिजा, हे घरी येऊ देत आधी." एवढेच म्हणून त्यांनी माझ्या ताटलीत आणखी एक थालीपीठ वाढले. पुतण्यावरील मायेने माणूस किती आंधळे होऊ शकते!

शनिवार, ८ मार्च

काकांना भेटावयास गेले. राजस मोटारीने घेऊन गेले; वाटेत हिंदी गाणी लावून स्वतःच म्हणत होते. इतके निर्धास्त!

काका फार वाळले आहेत. गळ्याखाली शिवणीची रेघ दिसते. पलंगासमोर, उन्हात, एकशे बारावे चित्र लटकत होते.

राजस माझ्याकडे पाहून डोळे मिचकावीत म्हणाले, "सरप्राइज!"

ते कॉफी आणावयास गेले तेव्हा मी पर्समधले भिंग काढले. काचेतून पाहिले तरी शंका उरली नाही: रंगाचे बारीक ठिपके, यंत्राने फवारलेले. नक्कल. अस्सल चित्र कुठेतरी विकले गेले असणार, आणि या थकलेल्या माणसाचे डोळे निवविण्यासाठी हा कागद टांगला आहे.

"छान आहे ना?" काका म्हणाले. "याच्या आनंदाचा दिवस आहे तो. बापाचं नाव घेतलं त्यानं त्या दिवशी. सगळ्यांसमोर वाकून सांगतोय, आजपासून मला या नावानं ओळखा."

ते मृत्युचित्र आहे हे मी स्वतः नोंदविले आहे. अशा शस्त्रक्रियेनंतर स्मृतीत गोंधळ होतो असे वाचले होते. तो इतका असेल असे वाटले नव्हते. माझे डोळे भरून आले.

"राजस आमच्याकडे आला ना इंडियातून, तेव्हाच सांगितलं त्याला," काका पुढे म्हणाले. "बाकी सगळी कॉलेजला. हे एक तेवढं तुझ्याकडे. पण तो म्हणतो, नको काका, सगळी एकत्र राहू देत."

म्हणजे या चित्रावर त्यांचा डोळा पूर्वीपासून होता.

मंगळवार, ११ मार्च

स्वतःची उलटतपासणी. राजसांविषयी माझा संशय पुराव्यावर उभा आहे, की ते मला 'स्कॉलर' म्हणून चिडवितात यावर? त्यांच्यासारखी माणसे खोलीत शिरतात तेव्हा खोली त्यांची होते. मी शिरते तेव्हा मी भिंत शोधते. यातून आकस निर्माण होऊ शकतो. मी दोन रकाने केले. आकसाच्या रकान्यात एक ओळ आली. पुराव्याच्या रकान्यात सात: कुलूप, किल्ली, टेप, फोन, काकूंपासून लपविणे, यादी, नक्कल. सात ओळी खोट्या कशा असतील?

मंगळवार, १८ मार्च

संग्रहालयाच्या डॉ. होल्डन यांनी यादी मागितली. नऊ ओळी कोऱ्या ठेवून ती पाठविणे अशक्य. खोटे लिहिणे त्याहून अशक्य. मी मेल लिहिली. कोणताही आरोप केला नाही, केवळ सात गोष्टी क्रमाने मांडल्या आणि त्या करणाऱ्याचे नाव लिहिले. दुपारी ३ वाजून ५ मिनिटांनी पाठविली. पाठविल्यावर, परीक्षेचा पेपर देऊन बाहेर पडल्यावर वाटते तसे हलके वाटले.

शुक्रवार, २१ मार्च

डॉ. होल्डन यांचे उत्तर. अत्यंत सौम्य भाषा. संग्रह नेण्याचे काम त्यांनी थांबविले आहे. त्यांनी राजसांना फोन करून विचारले. समाधान झाले नाही. चित्रे संग्रहालयाला कागदोपत्री देऊन झालेली असल्याने सोमवारी सकाळी नऊ वाजता कॉलेज रीतसर पोलीस तक्रार करील. माझ्या निरीक्षणशक्तीचे त्यांनी कौतुक केले आहे.

ते वाक्य मी तीनदा वाचले. तिसऱ्या वेळी ते आवडले नाही.

शनिवार, २२ मार्च

सगळे शांतपणे लिहिण्याचा प्रयत्न करते.

दार राजसांनी उघडले. 'स्कॉलर' म्हणाले नाहीत.

"तू लिहिलंस ना होल्डनला?"

"हो."

"मला एकदा विचारायचंस यार. एकदा. व्हिसावर आहे मी, गिरिजा. चोरीची केस म्हणजे काय होतं कळतं तुला? बॅग भरून परत. आणि काकांकडे कोण बघणार इथे?"

"तुम्ही नक्कल करून घेतलीत," मी म्हणाले. "कोणाला कळता कामा नये म्हणालात."

"अगं, काकांना कळू नये! त्यांना घरचंच चित्र समोर आहे असं वाटावं. ओरिजिनल उन्हात टांगलं असतं तर तूच ओरडली असतीस ना? आणि काकूला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तिथल्या भिंती सजवायच्या नाहीत, तिथून घरी यायचंय."

"आणि कुलूप?"

"तू खोलीत एकटी असायचीस, घर उघडं. तुझ्यावर काही येऊ नये म्हणून लॉक बसवून घेणार होतो. मग राहूनच गेलं."

सात ओळींतल्या किती गळून पडल्या ते मी त्या क्षणी मोजले नाही. मी म्हणाले, "मग चित्रे कुठे आहेत?"

"फाडली," काकू म्हणाल्या.

त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या, हातात पुसणे.

"काय?" राजस म्हणाले.

"मी फाडली. नऊच्या नऊ. दर बुधवारच्या रद्दीच्या गाडीत गेली." त्या माझ्याकडे पाहत होत्या, रागाने नव्हे. "तू म्हणालीस, घरोघर पोहोचलेली निधनवार्ता. अगं, असं पत्र आलं तर वाचायचं, फाडायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं. उंबऱ्याच्या आत आणत नाहीत ते. आणि माझ्या घरात नऊ. चाळीस वर्षं. मी दिवा लावायची त्याच्यासमोर! आणि हे तिकडे छाती उघडून पडलेले."

"काकू, मला का नाही सांगितलंत?" मी विचारले.

"तुला कळलं असेल असंच वाटलं मला. हात-पाय धुऊन यायचीस की सांगितल्यावर."

आमच्या घरी असे पत्र कधी आलेच नाही. माझ्या जाणत्या वयात अशा बातम्या फोनवर येत, आणि आई तडक न्हाणीघरात जाई. ते मी शेकडो वेळा पाहिलेले आहे. येथेही पाहत होते, आणि या वहीत 'उष्णता' लिहीत होते.

राजस खुर्चीत बसले. मग म्हणाले, "काकू, ते शेवटचं? भिंतीवरचं? तेही फाडलंस? मी समजलो, कॉलेजसाठी पॅक केलंय."

"ते फाडताना हात धजेना," काकू म्हणाल्या. "पण ही म्हणाली, अभ्यासाचा विषय आहे."

"ते डेथचं नव्हतं, काकू. काकांनी शंभर वेळा सांगितलंय मला. त्यात त्याला वडिलांचं नाव मिळालं."

काकूंनी पुसणे कठड्यावर ठेवले. पुन्हा उचलले. घडी घातली. मी जांभळ्या कडेचे छायाचित्र फोनवर उघडले आणि उभ्या जागी मला सगळे समजले. निळ्यात तांबडे मिसळून केलेला जांभळा. ते तांबडे करडईच्या फुलांचे, उन्हाला सर्वांत भित्रे. तीस वर्षे खिडकीच्या उजेडात तांबडे उडून गेले आणि निळे तेवढे मागे राहिले. पट्टीखाली झाकलेल्या अर्ध्या बोटात तो वेष अजून जांभळा होता. माझ्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण हेच सांगते.

मी ते मोठ्याने सांगितले. कोणी काही विचारले नव्हते.

रविवार, २३ मार्च

सकाळी तिघे काकांकडे गेलो. काकूंनी वाटेत एकदाच तोंड उघडले: "मी सांगणार. तुम्ही कोणी मध्ये बोलायचं नाही."

त्यांनी पलंगाशी बसून, काकांचा हात हातात न घेता, सगळे सांगितले. काका छताकडे पाहत ऐकत होते. आठ चित्रांपर्यंत येताच त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या.

"उल्का, दीडशे वर्षांनी कुणीतरी ती पत्रं नीट वाचली म्हणायची," ते म्हणाले. हसताना छातीवर हात दाबून धरावा लागला. "आंघोळपण केलीस?"

"मग? करायला नको?"

"आठ वेळा?"

"नऊ," काकू म्हणाल्या.

तेव्हा काकांचे हसणे थांबले. त्यांनी मान वळवून समोरच्या नकलेकडे पाहिले. खोलीत ऊन होते. नक्कल उन्हात फार टवटवीत दिसत होती. काकू रडू लागल्या, आवाज नव्हता. काकांनी तिकडेच पाहत हात पुढे केला आणि काकूंनी तो धरला.

"राजसवर काय आलंय आता?" त्यांनी विचारले.

राजसांनी सोमवारचे सांगितले.

"ते गिरिजा निस्तरेल," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुला कड दिसली होती? पट्टीखालची?"

"दिसली होती, काका."

"जांभळी?"

"जांभळी."

"मग?"

मला शाळेपासून आजवर कोणी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आले नाही, असे क्वचितच घडले असेल. मी उभी राहिले. काकांनी वाट पाहिली, आणि मग उशीवर मान टेकून डोळे मिटून घेतले.

बाहेरच्या बाकावर बसून मेल लिहिली. काकूंना विचारले, आपले नाव घालू का. त्या म्हणाल्या, "घाल. पण का फाडली तेही नीट लिही. वेडी बाई वाटायला नको." राजस शेजारी उभे होते. मी फोन त्यांच्यापुढे धरला, तर म्हणाले, "नको, तू पाठव. मी वाचलं तर उद्या म्हणशील मीच लिहून घेतलं." ते हसले नाहीत, मीही नाही.

मेलचा आशय येथे उतरवून ठेवते:

'अठरा मार्चच्या माझ्या पत्रातील प्रत्येक घटना खरी आणि त्यातून निघणारा अर्थ खोटा आहे. श्री. राजस यांनी काहीही नेलेले नाही. चित्रे घराच्या मालकीणबाईंनी फाडली. आमच्याकडे निधनाचे पत्र वाचून तत्काळ फाडण्याची रीत आहे, आणि ही चित्रे निधनाची पत्रे आहेत हे त्यांना मी सांगितले. आठांच्या बाबतीत मी बरोबर होते. क्रमांक ११२ हे मृत्युचित्र नव्हते; वडिलांचे नाव धारण करणाऱ्या नटाचे ते शुभचित्र होते. त्याचा जांभळा रंग उडून निळा झाला होता. पट्टीखालची मूळ जांभळी कड मला दिसली होती आणि मी ती छपाईचा दोष म्हणून सोडून दिली. हे चित्र मालकीणबाईंनी माझ्या शब्दावर फाडले. यादीत त्याच्यापुढे कारण म्हणून माझे नाव लिहावे. नऊही चित्रांची छायाचित्रे, कडेच्या छायाचित्रासह, सोबत जोडली आहेत. तक्रार करावयाची असल्यास ती माझ्याविरुद्ध करावी.'

मागे जाऊन पंचवीस फेब्रुवारीच्या नोंदीतील एका वाक्यावर एकच आडवी रेघ मारली, शेजारी सही व तारीख घातली. अकरा मार्चच्या सात ओळी तशाच ठेवल्या आहेत. ते पान फाडावे असे फार वाटले.

पाठविले: रविवार, २३ मार्च २०२५, सकाळी ११ वाजून ४२ मिनिटे.